युद्धानंतरच्या आर्मेनियन शाळा : धर्म, भाषा आणि फी

गेल्या पंधरा वर्षांत आर्मेनियन लोकांच्या तीन मोठ्या वस्त्या उजाड झाल्या किंवा खिळखिळ्या झाल्या. अलेप्पो शहरात २०१२ पासून डिसेंबर २०१६ पर्यंत लढाई चालली. लेबनॉनमध्ये २०१९ पासून चलन गडगडले आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातल्या स्फोटाने बुर्ज हम्मूद या आर्मेनियन उपनगरालाही तडाखा दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर नागोर्नो-काराबाखमधून लाखाहून अधिक माणसे आठवड्याभरात आर्मेनियात आली. त्यांत सुमारे ३० हजार मुले होती. पहिल्या दोन ठिकाणी मुलांना पुन्हा वर्गात बसवण्याचा मोठा भार चर्च आणि चर्चशी जोडलेल्या संस्थांनी उचलला, तर तिसऱ्या ठिकाणी सरकारी शाळांच्या जोडीला त्या उभ्या राहिल्या. या शाळांनी गरिबाच्या मुलाला काय द्यावे, यावरचा वाद मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. आज तो कुठे येऊन पोचला आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

मराठी वाचकाला मिशनची शाळा म्हटले की धर्मांतराचा वाद आठवतो. आर्मेनियन समाजात तो त्या रूपात नाही. परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्येच आर्मेनियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने आर्मेनियन लिपी घडवली, तीही बायबल आपल्या भाषेत यावे म्हणून. अक्षरओळख आणि धर्मशिक्षण तिथे पहिल्यापासून एकत्र वाढले. त्यामुळे शाळा ख्रिस्ती असावी का, हा प्रश्न तिथे क्वचितच निघतो. ती कोणत्या चर्चची असावी, कोणत्या भाषेत चालावी आणि तिचा खर्च कोणी करावा, यावर मात्र पिढ्यान् पिढ्या वाद झाले आहेत.

मिशन आणि मातृचर्च

या वादाच्या मुळाशी जी अमेरिकन संस्था आहे, तिची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे. या संस्थेचे, म्हणजे अमेरिकन बोर्डाचे, मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे उघडले आणि त्याच वर्षी त्यांचा विल्यम गुडेल हा मिशनरी इस्तंबूलला पोचला. ज्या मिस फॅरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, त्या याच बोर्डाच्या. पण दोन्ही ठिकाणच्या कामाची घडण निराळी झाली. ऑटोमन साम्राज्यात मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करणे जवळपास अशक्य होते, म्हणून मिशनरी आधीच ख्रिस्ती असलेल्या आर्मेनियन लोकांकडे वळले. साहजिकच तिथल्या मातृचर्चला, म्हणजे आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चला, ही आपल्या घरातली घुसखोरी वाटली. मातृचर्चच्या इस्तंबूलमधल्या प्रमुखांनी सुधारणावाद्यांना बहिष्कृत केले, १८४६ मध्ये इस्तंबूलला स्वतंत्र आर्मेनियन इव्हँजेलिकल चर्च स्थापन झाले आणि १८५० मध्ये सुलतानाने प्रोटेस्टंटांना वेगळा समाज म्हणून मान्यता दिली.

या फुटीतून झालेली कटुता पुढे अनेक दशके टिकली. शिक्षणाचा मात्र तिने फायदाच केला, असे मला वाटते. ऐंताब, खारपूत, मर्झिफोन इथे अमेरिकन कॉलेजे निघाली, मुलींच्या शाळा निघाल्या. आणि आपली मुले तिकडे जाऊ नयेत म्हणून अपोस्टोलिक चर्चने व आर्मेनियन शिक्षणसंस्थांनी आपल्या शाळा वाढवल्या. १९१५ पर्यंत अनातोलियातल्या लहान गावांतही आर्मेनियन मुलांसाठी शाळा होती. त्या वर्षी ऑटोमन सरकारने सुरू केलेल्या आर्मेनियन वंशसंहारात माणसांबरोबर हे सगळे जाळेही नष्ट झाले.

अनाथालयांचा काळ

आजच्या वादातले बहुतेक मुद्दे १९१५ ते १९३० या पंधरा वर्षांत तयार झाले. बैरूतजवळच्या अंतूरा गावात लाझारिस्ट पाद्र्यांची शाळा होती. ऑटोमन सेनानी जमाल पाशाने ती ताब्यात घेऊन तिथे सुमारे हजार मुले ठेवली. त्यांत बहुसंख्य आर्मेनियन होती. त्यांना तुर्की नावे आणि क्रमांक देण्यात आले, मुलग्यांची सुंता केली गेली, आणि आर्मेनियन बोलणाऱ्याला शिक्षा होई. तिथून वाचलेला कार्निग पानियान हा मुलगा पुढे शिक्षक झाला आणि बैरूतच्या आर्मेनियन जेमारान विद्यालयाचा उपमुख्याध्यापक झाला. आपले बालपण त्याने पुस्तकरूपाने लिहून ठेवले आहे. ते वाचले की, भाषा आणि धर्म शिकवणारी स्वतःची शाळा हा आर्मेनियन माणसाला जिवंत राहण्याचा भाग का वाटतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूला मदतीचा ओघ होता. नियर ईस्ट रिलीफ या अमेरिकन संस्थेने १९१५ ते १९३० या काळात ११ कोटी डॉलरांहून अधिक निधी जमवला आणि एक लाखाहून अधिक अनाथांना सांभाळले. आजच्या ग्युमरी शहरात तिने अनाथांची अक्षरशः एक नगरी वसवली होती. लेबनॉनमध्ये गझीर, जबैल, अंतेलियास इथे अनाथालये होती. जबैलचे ‘पक्ष्यांचे घरटे’ डॅनिश मिशनरी मारिया याकोबसेन यांनी चालवले. अंतेलियासच्या जागेवर १९३० मध्ये अपोस्टोलिक चर्चचे किलिकियाचे धर्मपीठ (कॅथोलिकोसपीठ) आले. म्हणजे मदतसंस्थेचे आवार मातृचर्चच्या हाती गेले.

गझीरच्या अनाथ मुलींनी विणलेला एक गालिचा १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आला. त्यात चाळीस लाखांहून अधिक गाठी आहेत. मदतीचे किती चीज झाले, याची खूण म्हणून तो पाठवला होता, आणि ते खरेही होते. पण त्याच गालिच्यावरून पहिला मोठा मतभेद मांडता येतो. अनाथालयांचा भर हातातल्या धंद्यावर होता: मुलींना गालिचे, भरतकाम, शिवण, मुलांना सुतारी, चांभारकी, विणकाम. समर्थकांचे म्हणणे, सोळाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशीपासून पोट भरता आले पाहिजे. टीकाकारांचे म्हणणे, ऐंताबच्या कॉलेजात गणित आणि खगोलशास्त्र शिकणाऱ्या समाजाची मुले एका पिढीत कारागीर बनवली गेली. इतिहासकार कीथ वॉटनपॉ यांनी या मदतकार्याचा अभ्यास करताना एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. या काळात मिशनरी करुणेतून आधुनिक, व्यावसायिक, हिशेबी मदतकार्य जन्माला आले. आत्मा वाचवण्याची भाषा मागे पडली आणि समाज पुन्हा उभा करण्याची भाषा पुढे आली. आजच्या संस्था या दोन्ही भाषा बोलतात, आणि त्यांच्यातला ताण बराचसा तिथूनच आलेला आहे.

वस्तीची शाळा

वंशसंहारातून वाचलेल्या निर्वासितांच्या छावण्यांच्या पुढे वस्त्या झाल्या आणि वस्त्यांनी आपल्या गमावलेल्या गावांची नावे घेतली. बुर्ज हम्मूदमध्ये नोर (म्हणजे नवे) मराश आहे, नोर अदाना आहे. प्रत्येक वस्तीत आधी पत्र्याचे चर्च, त्याला लागून शाळा. बेका खोऱ्यातले अंजार हे याचे ठळक उदाहरण. १९३९ मध्ये, सीरियावर सत्ता असलेल्या फ्रान्सने अलेक्झांड्रेटाचा प्रदेश तुर्कस्तानला दिला, तेव्हा मूसा दाग डोंगरातल्या सहा गावांतली बहुतेक माणसे उठून इथे आली. काही हजार वस्तीच्या या गावात अपोस्टोलिक, इव्हँजेलिकल आणि कॅथलिक अशी तीन चर्चे आणि तिघांच्या तीन शाळा उभ्या राहिल्या. इव्हँजेलिकल शाळेला वसतिगृह जोडलेले होते आणि तिथे दूरदूरची गरीब, मोडलेल्या घरांतली मुले येत.

लेबनॉनच्या राज्यघटनेचे दहावे कलम धार्मिक समाजांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देते. त्याचा आर्मेनियन लोकांनी पुरेपूर उपयोग केला. १९५५ मध्ये इव्हँजेलिकल चर्चसंघ आणि अमेरिकेतील आर्मेनियन मिशनरी असोसिएशन यांनी मिळून बैरूतला हायगाझियान कॉलेज काढले. मुख्य हेतू शाळांना शिक्षक आणि चर्चला सेवक पुरवण्याचा होता. सीरियात चित्र वेगळे होते. १९६७ नंतर बाथ पक्षाच्या सरकारने खासगी शाळांवर पकड बसवली. आर्मेनियन भाषेचे तास कापले गेले आणि जे उरले ते चर्चच्या उपासनेची भाषा या नात्याने. म्हणजे धर्माच्या आडोशाने भाषा टिकली. पुढच्या वादात हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ‘ख्रिस्ती’ हे विशेषण तिथे श्रद्धेबरोबर कायदेशीर संरक्षणाचेही काम करत होते.

बुर्ज हम्मूदच्या शाळेतल्या सहावी-सातवीतल्या मुलाचे दप्तर डोळ्यांसमोर आणावे. घरी तो पश्चिम आर्मेनियन बोलतो. ती त्याची पहिली लिपी, डावीकडून उजवीकडे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र अरबीत, उजवीकडून डावीकडे. नववीच्या अखेरची सरकारी ब्रवे परीक्षाही या विषयांसाठी त्याच भाषेत असे. गणित आणि विज्ञान इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. शिवाय धर्माचा तास, आणि वंशसंहाराच्या स्मृतिदिनाची, २४ एप्रिलची, तयारी. घरी अभ्यास घेणारे कोणी नसेल, वडिलांचे चपलांचे किंवा दागिन्यांचे छोटे वर्कशॉप बंद पडले असेल, तर हे ओझे त्या मुलाला एकट्यालाच पेलावे लागते. सधन मुलाला शिकवणी मिळते. गरीब मूल बहुधा आधी अरबीत मागे पडते, मग परीक्षेत अडकते आणि वडिलांच्या किंवा काकांच्या कारखान्यात जाते.

लेबनॉनच्या यादवीत (१९७५–१९९०) आर्मेनियन पक्षांनी तटस्थता धरली, तरी बुर्ज हम्मूदवर तोफगोळे पडलेच. हजारो कुटुंबे कॅनडा, अमेरिका, फ्रान्सला गेली. यादवीपूर्वी देशात जितक्या आर्मेनियन शाळा होत्या, त्याच्या निम्म्याहूनही कमी आज उरल्या आहेत.

आजच्या भूमिका

सगळ्यात जुनी आणि भावनेने बळकट भूमिका म्हणजे शाळा हा समाजाचा किल्ला आहे. अपोस्टोलिक चर्चमधले अनेक जण ती मांडतात, आणि १९०६ मध्ये कैरोत स्थापन झालेला आर्मेनियन लोककल्याण संघ किंवा १९२८ पासूनची हमाझ्कायीन यांसारख्या धर्मनिरपेक्ष संस्थाही. यांच्या दृष्टीने धर्म हा ओळखीचा भाग आहे. मूल प्रार्थना मनापासून म्हणते की नाही, यापेक्षा ते आर्मेनियनमध्ये म्हणते, याला मोल. युनेस्कोने २०१० मध्ये पश्चिम आर्मेनियन भाषेची गणना धोक्यातल्या भाषांत केली, तेव्हापासून या भूमिकेला नवी धार आली आहे. गरिबाचे मूल फीअभावी सरकारी अरबी शाळेत गेले की ते भाषेला कायमचे गमावले, हा त्यांचा हिशेब. म्हणून सवलत द्यायची ती समाज टिकवण्यासाठी.

इव्हँजेलिकल बाजूची मांडणी थोडी वेगळी आहे. तिथे श्रद्धा व्यक्तीची आणि सेवा सर्वांची. मुलाला आधी जेवण, मग समुपदेशन, मग धडे. आणि ते मूल आर्मेनियन असो वा नसो, दार उघडे असावे. यातूनच प्रत्येक मुलामागे परदेशातला एक देणगीदार अशी दत्तक योजना आली. अहमदनगर, जालना भागातल्या मिशन वसतिगृहांत वाढलेल्या माणसांना ही पद्धत नवी नाही: नाताळला पालकदात्याला पाठवायचे पत्र, सोबत फोटो. योजनेने हजारो मुलांची फी भरली गेली, हे निर्विवाद. तिच्यावर आक्षेप घेणारेही शत्रू नाहीत; बरेचसे त्याच शाळांतून शिकलेले आहेत. गरिबी सिद्ध करत राहण्याची सक्ती मुलावर नसावी आणि देणगी मुलाच्या नावावर न येता शाळेच्या खात्यात यावी, असे ते म्हणतात. काही संस्थांनी तसा बदल केलाही आहे.

तिसरी भूमिका नागरिकत्वाची. इतिहासकार त्सोलीन नलबंदियान यांनी लेबनॉनी आर्मेनियन लोकांच्या अभ्यासात दाखवले आहे, की हा समाज नेहमीच मायदेशाकडे डोळे लावून बसलेला नव्हता. त्याने लेबनॉनला आपला देश बनवले. या दृष्टीने पाहिले तर गरीब मुलाला सर्वात मोठी गरज चांगल्या अरबीची आणि इंग्रजीची आहे, कारण नोकरी त्यावर मिळते. अनेक पालक बोलून न दाखवता याच बाजूला मत देतात: दोन पैसे हाती आले की मुलाला बिगर-आर्मेनियन शाळेत घालतात. हे पालक समाजाशी बेइमान आहेत, असे मानणे अन्यायाचे ठरेल.

वसतिगृहांबद्दल मतभेद तीव्र आहेत. बालहक्कांच्या अभ्यासकांचे म्हणणे, केवळ गरिबीमुळे मूल घरापासून तोडू नये. तो पैसा कुटुंबाला द्यावा. शाळा चालवणारे म्हणतात, ज्या घरात आई एकटी आहे, बाप युद्धात गेला किंवा परदेशी जाऊन परतला नाही, तिथे वसतिगृह हाच आधार. याचे सर्वात लांबचे उदाहरण आपल्या देशात आहे. कोलकात्याच्या आर्मेनियन कॉलेजात, १८२१ पासून चालू असलेल्या या शाळेत, आर्मेनिया, इराण आणि इराकमधली मुले राहण्या-खाण्यासह मोफत शिकतात. त्यांच्यासाठी ही संधी खरी आहे. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाने हजारो किलोमीटर दूर राहणे, हीही तिची खरी किंमत आहे.

आर्मेनिया प्रजासत्ताकातला निराळा प्रश्न

आर्मेनियात सरकारी शाळा मोफत आहेत आणि भाषा धोक्यात नाही. त्यामुळे तिथे ख्रिस्ती शाळेला वेगळे कारण द्यावे लागते. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपानंतर परदेशस्थ आर्मेनियन चर्चसंस्था तिथे आल्या आणि राहिल्या. येरेवानच्या मलाथिया-सेबास्तिया या कामगार वस्तीत आर्मेनियन मिशनरी असोसिएशनची आवेदिसियान शाळा चालते. फी नाही, इमारत आधुनिक, शिक्षण ख्रिस्ती मूल्यांवर. वस्तीचे नाव ज्या दोन शहरांवरून पडले, ती मलात्या आणि सिवास आज तुर्कस्तानात आहेत.

इथला वाद राज्य आणि चर्च यांच्या सीमेवर आहे. राज्यघटना चर्च आणि राज्य वेगळे मानते, पण अपोस्टोलिक चर्चचे राष्ट्रीय चर्च म्हणून खास स्थानही मान्य करते. धर्मस्वातंत्र्याच्या १९९१ च्या कायद्याने मतांतरासाठी ओढाताण करण्यावर बंदी घातली, आणि इव्हँजेलिकल शाळांना त्या चौकटीत काळजीपूर्वक वावरावे लागते. सरकारी शाळांत ‘आर्मेनियन चर्चचा इतिहास’ हा स्वतंत्र विषय वीसेक वर्षे होता. २०२३ मध्ये सरकारने तो बंद करून आर्मेनियन इतिहासात मिसळला. चर्चने तीव्र विरोध केला. सरकारचे म्हणणे, आशय कायम आहे, फक्त पुनरावृत्ती टळली. पंतप्रधान पशिनियान आणि चर्च यांचे संबंध त्यानंतर इतके बिघडले आहेत, की या विषयावर शांत चर्चा होणे अवघड झाले आहे.

निर्वासित मुलांच्या बाबतीत दोन अनुभव शेजारी ठेवण्यासारखे आहेत. २०१२ नंतर सीरियातून आलेल्या मुलांना आपल्याच देशात भाषा परकी वाटली. ती पश्चिम आर्मेनियन बोलणारी, जुन्या शुद्धलेखनात शिकलेली. इथे पूर्व आर्मेनियन, तीही सोव्हिएत काळातल्या बदललेल्या लेखनात, आणि वर रशियन. काही काळ त्यांच्यासाठी सीरियाई अभ्यासक्रमाची वेगळी शाळा चालवावी लागली. काराबाखच्या मुलांना ही अडचण आली नाही. पाठ्यपुस्तके तीच, बोलीत फरक तेवढा. त्यांची गरज मनाची आणि घराची होती. त्यांनी आधी नऊ महिन्यांची नाकेबंदी सोसली होती, रिकामी दुकाने आणि वीजकपात पाहिली होती. चर्चच्या संस्थांनी शिबिरे, दुपारचे वर्ग, समुपदेशन यांवर भर दिला तो याच कारणाने. वेगळी शाळा न काढता सरकारी शाळेला पूरक राहायचे, हा धडा सीरियाई अनुभवातून घेतलेला दिसतो, आणि तो शहाणपणाचा वाटतो.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न शाळा एकत्र करण्याचा. मुले घटली, तरी अपोस्टोलिक, कॅथलिक आणि इव्हँजेलिकल शाळा शेजारी-शेजारी अर्ध्या रिकाम्या चालतात. एकत्र आल्या तर चांगले शिक्षक आणि प्रयोगशाळा परवडतील, हे सर्वांना पटते; धर्माचा तास कोणी घ्यायचा आणि फलकावर नाव कोणाचे, इथे बोलणी थांबतात. दुसरा प्रश्न दाराचा. अलेप्पोत लढाईपूर्वी पन्नास-साठ हजार आर्मेनियन होते. आज त्याचा लहानसा भाग उरला आहे. वर्ग भरायचे तर अरब मुलांना घ्यावे लागेल. घेतले तर मधल्या सुट्टीतली भाषा बदलणार, न घेतले तर शाळाच राहणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट पडल्यानंतर नव्या सरकारने अभ्यासक्रमात बदल सुरू केले आणि अल्पसंख्याकांच्या शाळांचे भवितव्य पुन्हा चर्चेत आले.

तिसरा प्रश्न स्थलांतराचा, आणि तो उघडपणे फार कमी मांडला जातो. समाज जागेवर टिकावा म्हणून शाळा चालते. पण चांगले इंग्रजी शिकलेले मूल सर्वात आधी माँट्रियल किंवा लॉस एंजेलिसला जाते. देणगीदार ज्या शहरांत राहतात, तीच ही शहरे. मुलाच्या भल्याचा आणि वस्तीच्या भल्याचा हिशेब इथे जुळत नाही, आणि कोणत्याही बाजूकडे त्याचे प्रामाणिक उत्तर अजून नाही.

या सगळ्या चर्चेत मला सर्वात दुर्लक्षित वाटतो तो शिक्षकाचा पगार. लेबनॉनमध्ये १,५०० पौंडांना मिळणारा डॉलर आज जवळपास ९०,००० ला मिळतो. पगार त्या प्रमाणात वाढले नाहीत. सरकारचे अनुदान घेणाऱ्या मोफत खासगी शाळांना ते वर्षानुवर्षे उशिरा मिळते. सीरियावर २०२० पासून अमेरिकेचे कडक निर्बंध होते, तेव्हा परदेशातल्या आर्मेनियन लोकांनी गोळा केलेला पैसा अलेप्पोच्या शाळेपर्यंत पोचवणे हेच मोठे काम होऊन बसले होते. देणगीदाराला मुलाचा फोटो पाठवता येतो, दुरुस्त केलेले छप्पर दाखवता येते. आर्मेनियन शिकवणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईंचा पगार त्या मानाने कोणाच्या नजरेत भरत नाही. त्या निवृत्त झाल्या की त्यांच्या जागी येणारी तरुण मुलगी एखाद्या परदेशी संस्थेत डॉलरमध्ये मिळणारी नोकरी आधी पाहणार. हायगाझियान कॉलेज काढताना जो शिक्षकांचा तुटवडा डोळ्यांसमोर होता, तो सत्तर वर्षांनी पुन्हा तसाच समोर आहे, आणि गरीब मुलांच्या फीमाफीसाठी जितका नियमित निधी उभा राहतो, तितका शिक्षकांसाठी अजून उभा राहिलेला नाही.